आजीच्या ३८ वह्या: ठेवाव्यात, वाटाव्यात की जाळाव्यात?

पेठेतली नात

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचते, धागा काढायची ही दुसरीच वेळ. (पहिला कुकरच्या शिट्टीबद्दल होता. त्यावर दीडशे प्रतिसाद आले आणि शिट्टी अजून होत नाही.)

माझी आजी, आईची आई, गेल्या महिन्यात गेली. ८४ वर्षांची होती. पुण्यातल्या एका पेठेतल्या प्राथमिक शाळेत जून १९६२ ते मे १९९९ शिक्षिका. दहावं-बारावं करायचं नाही असं तिनेच सांगून ठेवलं होतं. नेत्रदान झालं. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये श्रध्दांजली सभा आहे आणि नातवंडांतर्फे मला पाच मिनिटं बोलायचंय.

आवराआवरी करताना माळ्यावरच्या ट्रंकेत ३८ वह्या सापडल्या. शाळेचं हजेरीपत्रक वेगळं, ते शाळेत जमा व्हायचं. या तिच्या स्वतःच्या. दोनशे पानी, तपकिरी कव्हर घातलेल्या, वर्षाला एक. डावीकडे मुलाचं नाव आणि रोल नंबर, उजवीकडे वर्षभरातल्या नोंदी. नावं गाळून नमुना देते:

"१४. रोज उशीर. घरचं पाणी भरून येतो. उशिराबद्दल बोलायचं नाही."

"३१. डावखुरी. घरी डावा हात बांधून ठेवतात. आईला बोलावलं. परत बोलावलं."

"८. फळ्यावरचं दिसत नाही, वहीतलं दिसतं. पुढे बसवला. वडील चष्म्याचं मनावर घेत नाहीत." आणि खाली वेगळ्या शाईत: "चष्मा आला."

कुणी आणला ते लिहिलेलं नाही.

प्रश्न असा की यांचं करायचं काय? मामा म्हणतो ठेवा, पण वाचू नका. मावशी म्हणते ज्याची त्याची पानं ज्याला त्याला देऊन टाका. आई म्हणते रद्दीत घाला. आईचं हे ऐकून मला जरा लागलंच.

दुसरं, मावशीने कार्डावर "आदर्श शिक्षिका, समर्पित पत्नी, प्रेमळ आजी" असं छापून घेतलंय. यात खोटं काही नाही, पण ही माझी आजी वाटत नाही. काय बोलावं?

कट्टेकर

आजींना नमस्कार. वह्या अजिबात टाकू नका. बाकी सवडीने लिहितो.

ऱ्हस्वदीर्घ

दुःखाच्या धाग्यावर हे लिहिणं बरं दिसत नाही, पण शिक्षिकेच्या नातीला लिहितोय म्हणून धाडस करतो. "श्रध्दांजली" नव्हे, "श्रद्धांजली". आधी द, मग ध. बॅनर छापायला टाकला असेल तर आजच फोन करा.

पेठेतली नात

@ऱ्हस्वदीर्घ, बॅनर छापून आलाय. :( आजी असती तर लाल पेन घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली असती. मामाला पाठवलंय दुकानात.

वकीलीणबाई

थोडं रुक्ष लिहिते. तुमच्या नमुन्यातल्या नोंदी गोड आहेत, पण सगळ्याच तशा नसणार. "बाप पितो", "आई घर सोडून गेली" असंही असणार. ती मुलं आज पन्नाशी-साठीची आहेत, त्यांच्या सुनांना नि जावयांना यातलं काही माहीत नसेल. तुमच्या आजीने हे स्वतःला आठवावं म्हणून लिहिलं, दुसऱ्या कुणी वाचावं म्हणून नाही. भावनेच्या भरात फोटो काढून व्हॉट्सॅपवर टाकू नका. ठेवायच्या तर कुलपात.

टेकडीवरचा

वकीलीणबाईंशी सहमत. माझं मत जाळाव्यात. डॉक्टर गेला की त्याच्या पेशंटचे कागद वाटत सुटतो का आपण?

एक निवृत्त मास्तर

जाळाव्यात?! अहो, शाळेची दप्तरं उंदीर खातात, पावसाळ्यात भिजतात. सरकारी कागदात "पटावर ४८, हजर ४१" एवढंच उरतं. ते सात कुठे होते हे या बाईंनी लिहून ठेवलंय. हा शिक्षणाचा खरा इतिहास आहे. नावांवर पट्टी चिकटवून एखाद्या संग्रहाला द्या.

मी स्वतः ३३ वर्षं तिसरी-चौथी शिकवली. १९६२ साल वाचून एक आठवलं. त्याच वर्षी शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले. त्याआधी आम्ही "कांहीं", "नाहीं", "तेथें" अशी टिंबं देत शिकलो. म्हणजे तुमच्या आजी एका पद्धतीने शिकून आल्या आणि नोकरीच्या सुरुवातीलाच दुसरी शिकवायला लागल्या. १९६७ ला बालभारती स्थापन झाली, पुस्तकं बदलली. १९७५ ला दहावीची पहिली एस.एस.सी. झाली, अकरावी मॅट्रिक गेली. दर वेळी वर्गात पोरं तीच आणि निस्तरायचं आम्हीच. पहिल्या वहीत टिंबं आहेत का, बघा बरं.

पेठेतली नात

@मास्तर, आत्ता स्टूल लावून बघितलं. आहेत! पहिल्या दहा-बारा पानांवर "येत नाहीं", "कांहीं बोलत नाहीं". नंतर त्या टिंबांवर लाल शाईने काट मारलीय. स्वतःच्याच खासगी वहीत स्वतःच्या चुका काढल्यात. अशी होती ती.

ऱ्हस्वदीर्घ

मला या आजींना भेटायला हवं होतं.

चहा बिस्किट

एक बावळट प्रश्न. रोजच्या लिहायच्या वह्या माळ्यावर का? टेबलाच्या खणात का नाही?

पेठेतली नात

बावळट नाही, मीही हेच विचारलं होतं लहानपणी. चालू वर्षाची वही पिशवीत असायची, वर्ष संपलं की माळ्यावर. कारण पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला ती वीस वर्षांची होती, नारायण पेठेत नदीकडच्या अंगाला तळमजल्यावर राहायचे ते. सकाळी धरण फुटल्याची आवई उठली, आधी कुणी खरं मानेना. माणसं वाचली, पण पणजीची शिवणाची मशीन, धान्य आणि आजीचे मॅट्रिकचे नि ट्रेनिंगचे कागद गेले. प्रमाणपत्राची दुसरी प्रत मिळवायला किती खेटे घालावे लागले हे ती नव्वद वेळा सांगायची. त्यानंतर आयुष्यभर एक नियम: कागद म्हटला की तो डोक्याच्या वर. विजेची बिलंसुद्धा माळ्यावर. आजोबा म्हणायचे, "हिच्यामुळे बिल भरायला मला गिर्यारोहण करावं लागतं."

सहकारनगर ते सातारा रोड

पानशेत! आमचं घर शनिवारात होतं. बाबा सांगायचे, लकडी पूल पाण्याखाली गेला होता आणि दुपारी खडकवासलाही फुटल्यावर पाणी आणखी चढलं. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल. मग सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या आणि आम्ही पेठकर एका रात्रीत "गावाबाहेरचे" झालो. आमच्याकडेही आईचे दागिने सापडले, पण लग्नाचा फोटो कायमचा गेला. त्याची हळहळ जास्त.

टेकडीवरचा

धागा पुरात वाहून जायच्या आधी परत आणतो. सगळे आरती ओवाळताहेत म्हणून विचारतो: आजी मारायच्या का? त्या काळातल्या शिक्षकांबद्दल हळवं होणं सोपं आहे. मला दुसरीत एका बाईंनी पाढे चुकले म्हणून बोटांत पेन्सिल घालून दाबली होती. अजून आकडा दिसला की हात मागे जातो. आता २००९ च्या कायद्याने बंदी आहे ते ठीक, पण ती पिढी मारकुटी होती. आणि ते पाढे, पावकी-निमकी (पावाचे, अर्ध्याचे पाढे) घोकून काय मिळालं? कॅल्क्युलेटर खिशात आहे.

पाऊणकी

@टेकडीवरचा, पेन्सिलीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण पाढ्यांवर राग काढू नका हो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, आजच्या किती मुलांना माहितीये? माझे वडील मंडईत भाजीवाल्याच्या आधी हिशेब सांगायचे.

नवी विटी

आलं, आलं! आता २०१९ पण काढा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "त्रेसष्ट"च्या जोडीने "साठ तीन" दिल्यावर अख्खा महाराष्ट्र गणितज्ञ झाला होता. मी मुलीला दोन्ही शिकवलं. ती "एकोणसत्तर" आणि "एकोणऐंशी" यांत अजून गोंधळते आणि मीही. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

एक निवृत्त मास्तर

दक्षिणेकडच्या भाषांत "साठ तीन"च्याच वळणाने म्हणतात, त्यांचं काही बिघडलं नाही. पण घोकण्याला शिव्या देऊ नका. समजून घोकावं.

टेकडीवरचा

समजलं की घोकायची गरज नाही. घोकलं की समजायची गरज वाटत नाही. असो.

पेठेतली नात

टेकडीवरचे, उत्तर देते. मारायची. सुरुवातीच्या वर्षांत पट्टी होती. १९७१ च्या वहीत एक नोंद आहे: "२२ ला पट्टी मारली. चूक त्याची नव्हती. कळल्यावर सांगितलं वर्गासमोर." पुढच्या वह्यांत पट्टीचा उल्लेख मला सापडला नाही. म्हणजे थांबली की लिहिणं थांबवलं, ते ती गेल्यावर कसं कळणार.

रोजनिशी

मुळात "समर्पित पत्नी" या शब्दांनी माझं डोकं फिरतं. नवरा गेला की कार्डावर "समर्पित पती" छापलेलं कुणी पाहिलंय का? ३७ वर्षं नोकरी, घर, मुलं, वर समर्पण. आजोबा काय करत होते?

कट्टेकर

माळ्यावर चढत होते. वाचलं नाहीत का वर?

पेठेतली नात

:) हा प्रश्न तिने स्वतः विचारला असता, रोजनिशी. आजीची शाळा सकाळची, सातला प्रार्थना. आजोबा एका कारखान्यात, त्यांची दुसरी पाळी असायची. पहाटे कुकर ते लावायचे. तिच्या सुती साड्यांना खळ आणि इस्त्री त्यांची. वाड्यातल्या बायका हसायच्या, तर म्हणायचे, "बाईंची साडी चुरगळलेली असली तर पोरं शिस्त कुणाकडून शिकणार?" पोळ्या मात्र त्यांना कधी जमल्या नाहीत. आदल्या दिवशीच्या उरल्या की ते फोडणीची पोळी करायचे, आणि ती त्यांची आजीपेक्षा चांगली व्हायची हे आम्ही नातवंडांनी तिला कधी कळू दिलं नाही.

दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती: "स्कॉलरशिपचा जादा तास चालू आहे. बेल वाजवू नये. कडी एकदाच वाजवावी." जादा तासाचे पैसे ती घ्यायची नाही.

गणिताचा पेपर

मघापासून खटकतंय ते विचारतो. जून १९६२ ते मे १९९९ म्हणजे शैक्षणिक वर्षं ३७. वर्षाला एक वही. मग वह्या ३८ कशा?

चहा बिस्किट

घ्या. पुणेकर श्रद्धांजलीतही हिशेब तपासणार.

पाऊणकी

एका वर्षी दोन तुकड्या असतील.

पेठेतली नात

रात्री उशिरा लिहितेय. @गणिताचा पेपर, तुमच्यामुळे शेवटची वही उघडली. मी वरवरच चाळली होती.

२००३ मध्ये आजोबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळायचं, बोलता यायचं नाही. "पाणी" म्हणायचं असायचं आणि तोंडातून "ता ता" यायचं, की चिडून भांडं भिरकवायचे. मी तेव्हा नववीत होते, मला त्यांच्या खोलीत जायची भीती वाटायची. हे पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

अडतिसाव्या वहीत एकच नाव आहे. डावीकडे आजोबांचं पूर्ण नाव, रोल नं. १. उजवीकडे नोंदी. थोड्या देते.

"प, म, ब ओठ बघून म्हणतात. क, ग नाही. रागावले. मीही रागावले."

"चित्रांची कार्डं केली. कार्ड फाडलं. उद्या जाड पुठ्ठ्याची."

"आज सहज बे एके बे म्हणत होते मी, निवडणं करताना. बे दुणे त्यांनी म्हटलं. बे दाहे वीसपर्यंत न अडखळता. माझं नाव येत नाही आणि पाढा येतो!!"

दोन उद्गारचिन्हं. वर्गात एकापेक्षा जास्त दिलं की ती मार्क कापायची.

उच्चार

मी वाचाउपचाराचं काम करते, म्हणून लिहिते. याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो. म्हणून अशा झटक्यात ही दोन्ही बरोबर जातात. पण शब्द शोधून बोलणं वेगळं आणि तोंडात बसलेली साखळी वेगळी. आकडे, वार, पाढे, आरत्या, शिव्यासुद्धा, पुष्कळदा शाबूत राहतात. आम्ही उपचारात त्याचा आधार घेतो: साखळी सुरू करून द्यायची आणि मध्ये थांबायचं, की पुढचा शब्द रुग्णाने भरावा. तुमच्या आजींना हे निवडणं करताना सापडलं. एक सांगू का, भांडं भिरकावणारा रुग्ण आम्हाला गप्प बसलेल्यापेक्षा बरा वाटतो.

टेकडीवरचा

पाढ्यांबद्दलचं माझं विधान मागे घेतो. पूर्ण नाही. अर्धं.

पाऊणकी

निमकी म्हणा.

रोजनिशी

"मीही रागावले." यासाठी माझ्याकडून दंडवत. कार्डावरचं "समर्पित" खोडून हे छापा.

चहा बिस्किट

पुढे काय झालं? बोलले का?

पेठेतली नात

थोडं. सहा-सात महिन्यांनी वहीत आहे: "आज हाक मारली. 'बाई'. म्हटलं, घरी कसली बाई? परत 'बाई'."

त्याआधी चाळीस वर्षं ते तिला "अगं" म्हणत आले. तिथपासून २०१० मध्ये जाईपर्यंत "बाई"च म्हणाले. नात्यातले लोक हसायचे, आम्हाला वाटायचं थट्टेने म्हणतात. नोंदी २००५ च्या दिवाळीपर्यंत आहेत. शेवटची: "स्वतः पाणी मागितलं. तेराचा पाढा राहिला." मग कोरी पानं.

एक निवृत्त मास्तर

तेराचा सगळ्यांचाच राहतो.

वकीलीणबाई

ही वही कुठल्याही संग्रहाला देऊ नका. बाकीच्या ३७ बद्दल माझं मत तेच, थोडं मऊ: नोंद ज्याची आहे त्याने स्वतः येऊन मागितली तरच दाखवा, आणि त्याचंच पान. दुसऱ्याचं नाही.

साधी माणूस

मला आईबद्दल विचारायचंय. "रद्दीत घाला" का म्हणाल्या त्या? माझी आई शिक्षिका होती. शाळेतली पोरं घरी येऊन तिच्या पाया पडायची आणि मी आत बसून माझी मीच गणितं सोडवायचे. माझ्या वाट्याला दमलेली आई यायची. चाळीस जणांना दिवसभर माया देऊन आल्यावर किती उरणार? ती गेल्यावर सगळे सांगायचे, "तू किती नशीबवान". मी मान हलवायचे. राग नाही, पण मलाही त्या वह्या नकोशाच झाल्या असत्या.

कोथरूडचा म्हातारा

साधी माणूस, बरोबर बोललीस बाळा. माझी बायको शिक्षिका होती. आमचा मुलगा तिला शाळेत "बाई" म्हणायचा, घरी "आई". एकदा तापात घरीच "बाई" म्हणाला. तिने तेव्हापासून त्याची तुकडी बदलून घेतली.

पेठेतली नात

@साधी माणूस, आई दोन वर्षं आजीच्याच वर्गात होती, तिसरी आणि चौथी. वर्गात तिला सगळ्यांपेक्षा कमी मार्क मिळायचे म्हणे, कुणी बोट दाखवू नये म्हणून. चौथीत स्कॉलरशिप दोन मार्कांनी गेली आणि त्याच वर्षी आजीच्या वर्गातल्या तिघांना मिळाली. त्या दिवशी आजी त्यांना पेढे वाटत होती. आईने हे मला काल सांगितलं, भाजी चिरता चिरता, इतक्या वर्षांनी. यावर काय बोलायचं मला सुचलं नाही, मी कोथिंबीर निवडत बसले.

कट्टेकर

सभा झाली की नक्की लिहा. आणि मामा बॅनर दुरुस्त करून आले का?

पेठेतली नात

झाली सभा. सविस्तर लिहिते.

बॅनर: दुकानदाराने "ध्द"वर "द्ध"चा स्टिकर चिकटवला. पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडत होता आणि सभेतले निम्मे लोक तेवढंच बघत होते.

माणसं अपेक्षेपेक्षा खूप आली, खुर्च्या शेजारच्या इमारतीतून आणल्या. मी पाढ्यांचं बोललो नाही, आजोबांचंही नाही, ते घरचं वाटलं. पानशेत, माळा, लाल टिंबं आणि वर्गासमोर मागितलेली माफी एवढंच बोलले. पाचची आठ मिनिटं झाली. मावशीने "समर्पित" म्हटलंच.

चहाच्या वेळी साठीचे एक गृहस्थ आले. रिक्षा चालवतात. कुणाकडून तरी वह्यांचं कळलं होतं त्यांना. साल आणि तुकडी सांगितली आणि म्हणाले, "माझं बघता येईल का?" वकीलीणबाईंचा नियम पाळला. त्यांना घरी आणलं, वही काढली, फक्त त्यांचं पान उघडून दिलं. १४ नंबर नव्हे, चष्म्यावाला ८ नंबर. त्यांनी जाड भिंगाचा चष्मा पुसला, पान वाचलं आणि म्हणाले, "वडलांनीच आणलाय असं सांगितलं होतं मला." पुढे काही नाही. चहा दुसऱ्यांदा घेतला. आईने त्यांना अंगणापर्यंत सोडलं.

ठरलंय ते असं: वह्या रद्दीत नाही, संग्रहालाही नाही. ट्रंक परत माळ्यावर. कुणी आपलं पान मागत आला तर दाखवायचं. अडतिसावी मामाकडे.

आणि एक. रात्री ट्रंक भरताना मोजल्या तर एक कमी. आईच्या तिसरीच्या वर्षाची. आईच्या उशाशी दिसली. मी काही विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

साधी माणूस

विचारू नका.

गणिताचा पेपर

आणि चौथीची?

पेठेतली नात

ती ट्रंकेतच आहे. अजून.

ऱ्हस्वदीर्घ

"मी पाढ्यांचं बोललो नाही" असं लिहिलंयत वर. "बोलले" हवं.